वाफारा आणि नेब्युलायझर : दोन्हीला ‘वाफ’ म्हणणं आता पुरे

“दादा, ते वाफेचं मशीन द्या.”

“कोणतं, ताई?”

“अहो, वाफेचं! बाळाला डॉक्टरांनी वाफ द्यायला सांगितलीय.”

पावसाळा लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा संवाद दिवसातून चारदा होतो, आणि दरवेळी मला चिठ्ठी मागावी लागते. त्या ताईंना तीन-चारशे रुपयांचं प्लास्टिकचं पाणी उकळणारं भांडं हवंय की दीड-दोन हजारांचा, घर्र घर्र करणारा, नळी आणि मास्कवाला नेब्युलायझर, हे नुसत्या ‘वाफ’ या शब्दावरून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. डॉक्टरही बोलताना सरळ ‘वाफ द्या’ म्हणतात, त्यामुळे सगळा दोष गिऱ्हाइकाला देता येत नाही.

वाफारा काय असतो हे मी सांगायला नको. पातेलं, टॉवेल, ओवा किंवा निलगिरीचे दोन थेंब, आणि आजीचं “तोंड बाहेर काढू नकोस”. सगळ्यांनी घेतलाय. घोळ होतो तो दुसऱ्या यंत्रात.

गेल्या वर्षी एक गृहस्थ वाफेचं मशीन परत घेऊन आले. तक्रार अशी की आठवडाभर दिलं, पण आईचा दम काही उतरत नाही. झाकण उघडलं, तर तळाशी गढूळ पाणी. रोज ड्युओलिनची, म्हणजे नेब्युलायझरमध्ये घालायच्या दम्याच्या औषधाची, एक कुपी ते त्या पाण्यात पिळत होते आणि माऊली टॉवेल पांघरून समोर बसत होती. औषध बरोबर होतं, वेळही बरोबर होती. फक्त औषधाचा एक थेंबसुद्धा तिच्या छातीत गेला नव्हता.

का नाही गेला? उरण-पेणकडचं मिठागर आठवा. समुद्राचं पाणी कोंडीत घेतात, ऊन लागतं, पाणी उडून जातं आणि मीठ खाली राहतं. मीठ जर पाण्याबरोबर उडालं असतं तर आगरी लोकांनी काय गोळा केलं असतं? वाफेच्या मशीनमध्ये हेच होतं. पाणी वाफ होऊन वर येतं, त्यात विरघळलेलं औषध तळाशीच राहतं. ड्युओलिनमधलं लेव्होसाल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम वाफेबरोबर उडत नाहीत. निलगिरी, कापूर, मेंथॉल आणि ओव्यातलं थायमॉल हे मुळात उडणारे पदार्थ, म्हणून त्यांचा वास वर येतो. सर्दीसाठी वाफेच्या पाण्यात मीठ टाकणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं: ते मीठ नाकापर्यंत पोचत नाही. काही स्वस्त मशीनांना चिमूटभर मीठ लागतं हे खरं, पण ते पाण्यातून वीज वाहावी म्हणून.

नेब्युलायझर पाणी उकळतच नाही. नाशिककडे द्राक्षबागेत ट्रॅक्टरला ब्लोअर लावून फवारणी करतात ना, त्याचंच हे लहान भावंड. कंप्रेसरची हवा जोरात येते आणि कपातलं औषध फोडून त्याचे बारीक तुषार करते. प्रत्येक तुषारात औषध असतं, कारण द्रवाचेच तुकडे झालेले असतात. मास्कमधून पांढरा धूर दिसतो म्हणून लोक त्याला वाफ म्हणतात, पण बोट धरून बघा, तो गारच लागतो. कामाचे तुषार साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून मोठे घशात अडकतात, हे पार खालच्या श्वासनळ्यांपर्यंत उतरतात. नेब्युलायझरचं ठिकाण छाती आहे. वाफाऱ्याची मजल नाक-घशापर्यंतच.

आणि इथेच सगळ्यात मोठी गंमत आहे, जी मला रोज समजवावी लागते. नाकाने श्वास घेणं चांगलं, हे आपण शाळेपासून ऐकतो, आणि ते बरोबरच आहे. नाक हवा गाळतं, गरम करतं, ओलसर करतं. पण नेब्युलायझर घेताना हीच चांगली सवय आड येते. नाक धूळ गाळतं तसंच औषधही गाळतं, त्यामुळे छातीसाठीचा बराच वाटा नाकातच अडकतो. मोठ्या माणसाने म्हणून मास्कपेक्षा तोंडात धरायची नळी घ्यावी आणि तोंडाने संथ श्वास घ्यावा. वाफारा नाकाने, नेब्युलायझर तोंडाने. लहान बाळांना नळी धरता येत नाही म्हणून त्यांना मास्क. तोही गालांना नीट टेकलेला हवा. बाळ रडतंय म्हणून मास्क चार बोटं लांब धरणं, ही माझी खास डोकेदुखी. तेवढ्या अंतरात औषध खोलीभर पसरतं. रडणाऱ्या बाळाच्या छातीतही औषध कमीच जातं, तेव्हा आधी शांत करा किंवा झोपेत द्या.

उलटी चूक जास्त धोक्याची. सर्दी झाली म्हणून नेब्युलायझरच्या कपात नळाचं पाणी घालू नका. दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या नुसत्या पाण्याच्या तुषारांनी आकसू शकतात. डॉक्टरांनी औषध पातळ करायला सांगितलं असेल तर निर्जंतुक सलाइन, तेवढंच. आणि निलगिरी, बाम, कारवोलची कॅप्सूल? अजिबात नाही! वाफाऱ्यात हे घालतात, म्हणून इथेही चालेल असं समजणारे दर थंडीत भेटतात. तेल तुषार होऊन फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

आता झोपेचं. रात्री नाक चोंदतं, तोंड उघडं पडतं, सकाळी घसा कोरडा. लोकांना वाटतं आत शेंबूड साठलाय आणि वाफेने तो वितळेल. बऱ्याचदा अडथळा शेंबडाचा नसतोच. नाकाच्या आत बाजूला ज्या मांसल घड्या असतात, त्यांच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. आडवं झालं की त्या आणखी भरतात, आणि ज्या कुशीवर झोपाल ती, खालची नाकपुडी आधी बंद होते. वाफेने थोडा वेळ बरं वाटतं, मीही घेतो. पण हे वाफेचं मशीन रोज लावून नाकाने श्वास घ्यायची ‘सवय लागेल’ म्हणून जे विकतात, त्यांच्याशी माझं पटत नाही. कोक्रेन ही संस्था झालेल्या चाचण्या एकत्र तपासते; तिच्या 2017 च्या आढाव्यात साध्या सर्दीवर गरम दमट हवेचा खात्रीचा फायदा दिसला नाही. सायनसचा जुना त्रास असलेल्यांवर ब्रिटनमध्ये झालेली चाचणी 2016 मध्ये छापून आली. त्यातही वाफेने फारसं काही साधलं नाही, सलाइनने नाक धुण्याचा थोडा उपयोग झाला.

मेंथॉलने नाक ‘मोकळं’ होतं तेसुद्धा वाटण्यापुरतं. थंडावा ओळखणाऱ्या नसा चेततात, वाट तेवढीच अरुंद राहते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी सलाइनचे थेंब किंवा उकळून गार केलेल्या पाण्याची जलनेती, मग उशी थोडी उंच, आणि वाफारा हौसेपुरता. ओट्रिव्हिनसारखे नाक मोकळं करणारे औषधी थेंब चार-पाच दिवसांच्या वर नको, नाहीतर ते थांबवले की नाक पुन्हा चोंदतं आणि माणूस बाटलीचा गुलाम होतो. नुसत्या नाकासाठी रात्री नेब्युलायझर तर नकोच. त्यातल्या साल्ब्युटामॉलसारख्या दम्याच्या औषधाने छाती धडधडते, हात थरथरतात, पोरं टक्क जागी राहतात.

बाकी फरक किरकोळ. वाफेच्या मशीनमधला पांढरा थर व्हिनेगरने निघतो, नेब्युलायझरचा कप मात्र दरवेळी धुऊन पूर्ण वाळवायचा. तान्ह्या मुलांजवळ उकळतं पातेलं ठेवायचं नाही, ते मांडीवर सांडून भाजल्याच्या कहाण्या प्रत्येक गावात आहेत.

ते मशीन परत आणणारे गृहस्थ त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून नेब्युलायझर घेऊन गेले. आठवड्याने आले ते स्वतःसाठी. रात्री घोरतात, मध्येच श्वास अडकतो, दचकून उठतात, असं बायको म्हणते, “एखादं चांगलं वाफेचं मशीन आहे का?” मी काहीच विकलं नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला आणि त्याखाली ‘झोपेची तपासणी विचारणे’ असं लिहिलं.