नागपूर योजनेच्या सूत्रात काय नव्हते

रस्त्यांची अंतरे मोजण्याचा आरंभबिंदू मानला जाणारा झिरो माइलचा स्तंभ पाहुण्यांना हौसेने दाखवणाऱ्या नागपूरकराला या शहराचे रस्त्यांशी असलेले दुसरे, अधिक महत्त्वाचे नाते सहसा ठाऊक नसते. मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपुरात डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा रस्ते आराखडा आखला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्राम मार्ग ही आज अंगवळणी पडलेली उतरंड त्याच ‘नागपूर योजने’तली आहे.

पैशाचा प्रश्न त्याआधीच हाताळला गेला होता. १९२७ साली नेमलेल्या जयकर समितीने पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसवून तो केवळ रस्त्यांसाठी राखून ठेवावा, असे सुचवले आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. जो वापरेल त्याने भरावे, हे तत्त्व तिथे रुजले. मात्र ‘वापर’ म्हणजे जाळलेले इंधन एवढाच त्याचा अर्थ धरला गेला.

नागपूर योजनेचे सूत्र मुळातून पाहण्याजोगे आहे. मुख्य रस्त्यांची आवश्यक लांबी ठरवताना लागवडीखालील दर पाच चौरस मैलांमागे एक मैल रस्ता धरला होता, तर बिगरशेती प्रदेशात वीस चौरस मैलांमागे एक. लहानमोठ्या गावांच्या संख्येनुसार त्यात भर घालायची, भावी विकासासाठी १५ टक्के वाढवायचे आणि शेवटी त्या प्रदेशातल्या लोहमार्गाची लांबी वजा करायची. ही वजाबाकी सहज सुचलेली नव्हती. मोटारगाड्या रेल्वेचे उत्पन्न खातात, ही तक्रार तीसच्या दशकात जोरात होती आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील परवान्यांच्या जाचक अटींमागेही तीच होती. लोहमार्गांचे मोठे जंक्शन असलेल्या नागपुरातच हे सूत्र ठरावे, यात एक गंमत आहे. ते काही असो, शेतीचा भाग मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावा, हा हेतू खेड्यांच्या हिताचा होता आणि १०० चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्ते हे उद्दिष्ट त्या काळाच्या मानाने धाडसी होते. पण रस्त्यावरून किती वाहने धावतील, ती किती वजनाची असतील आणि त्यांच्याखाली किती माणसे सापडतील, यांपैकी एकही पद त्या सूत्रात नव्हते.

वजनाचा हिशेब पुढे अमेरिकेत झाला. इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून घेतलेल्या चाचणीतून दिसले, की रस्त्याची झीज ॲक्सलवरील, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या आसावरील, वजनाच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भारतात जुलै २०१८ मध्ये चार टायरांच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. वजन वाढले सुमारे १३ टक्के. पण त्या नियमाने ॲक्सलमागची झीज साठ टक्क्यांच्या आसपास वाढते. टनामागे वाहतूक स्वस्त होते हे खरे असले, तरी जादा वजनाने डिझेल त्या प्रमाणात वाढत नसल्यामुळे इंधनावरच्या करातून ही झीज भरून निघत नाही आणि ट्रकमालकाची बचत डांबराच्या खर्चात उमटते.

माणसाच्या जिवाचा हिशेब प्रथम विम्याच्या वाटेने आला. त्रयस्थ व्यक्तीचा विमा १९४६ पासून सक्तीचा झाला, पण त्यातून अपघातानंतरची भरपाई मिळे, अपघात टळत नसे. अपघातांचा सामाजिक खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या सुमारे ३ टक्के असल्याचा अंदाज नियोजन आयोगाने १९९९-२००० या वर्षासाठी मांडला होता. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत दगावली आणि त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सर्वांत मोठा होता. त्याच वर्षी ११ डिसेंबरला नागपूर–शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. १ जुलै २०२३ च्या पहाटे, नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला सिंदखेडराजाजवळ आग लागून २५ प्रवासी दगावले, तेव्हा वेगाइतकीच चालकाच्या डुलकीची आणि बसमधून बाहेर पडण्याच्या वाटांची चर्चा झाली. प्रवासाचे वाचलेले तास प्रकल्पाच्या लाभात मोजले जातात. सरळ, एकसुरी रस्त्यावर येणारी झापड बहुधा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

उरला तो सूत्रातला बिगरशेती प्रदेश, ज्यात जंगलही आले. नागपूरच्या उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्पाला भिडून जाणारा मानसर–खवासा हा आताच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ चा पट्टा चौपदरी करताना झाडतोड आणि वन्यजीवांचा भ्रमणमार्ग यांवरून दीर्घ वाद झाला. अखेर ५० ते ७५० मीटर रुंदीच्या नऊ जागा वन्यजीवांसाठी रस्त्याखालून मोकळ्या ठेवल्या गेल्या आणि त्यांचा खर्च रस्त्याच्या खर्चातच आला. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह १८ जातींचे प्राणी त्या पुलांखालून ये-जा करताना टिपले गेले.