एमजीबीचा हायड्रॉलिक क्लच: दोष शोधणं आणि हवा काढणं

एमजीबी ही इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली स्पोर्ट्स कार. उघडी रोडस्टर आणि १९६५ पासून बंद टपाची जीटी, दोन्ही मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, आणि त्यातल्या भरपूर आजही लोक हौसेने चालवतात. इंजिन १७९८ सीसीचं, बी-सिरीज, आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं त्याच घराण्यातलं. क्लच हायड्रॉलिक आहे आणि तसा साधा आहे, पण गिअर करकरायला लागला की बहुतेक जण सरळ ऑइलमधली हवा काढायला बसतात आणि अर्धा दिवस ब्रेक ऑइल (क्लचमध्येही तेच असतं) वाया घालवतात. या क्लचमध्ये खरा प्रश्न एकच असतो: पायाने दिलेली हालचाल वाटेत कुठे हरवते? ते कळल्याशिवाय निपलला, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूला, पाना लावू नये.

हालचालीचा हिशोब

आधीच्या एमजीए या गाडीत ब्रेक आणि क्लचचा मास्टर सिलिंडर (पेडलला जोडलेला, ऑइल ढकलणारा) एकाच ओतकामात होता, एमजीबीत ते वेगळे केले. पेडल दाबलं की मास्टरचा पिस्टन ऑइल ढकलतो, ते पाइपातून आणि शेवटच्या रबरी होजमधून बेलहाउसिंगवरच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणावरच्या, स्लेव्ह सिलिंडरला जातं, स्लेव्हचा रॉड फोर्क (तरफ) ढकलतो आणि फोर्क रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट फ्लायव्हीलला आवळून धरणाऱ्या भागावर) दाबतो. मास्टरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच म्हणजे १९ मिमी, स्लेव्हचा सव्वा इंच म्हणजे साधारण ३२ मिमी. क्षेत्रफळात पावणेतीन पटीचा फरक, त्यामुळे जोर तितक्या पटीने वाढतो आणि हालचाल तितक्याच पटीने कमी होते. क्लच नीट सुटायला स्लेव्हचा रॉड अर्ध्या इंचाच्या आसपास, म्हणजे १२-१३ मिमी सरकावा लागतो. आता यात १ सीसी हवा अडकली असं धरा, पेडल दाबल्यावर ती जवळजवळ पूर्ण दबते आणि स्लेव्हची सव्वा मिलिमीटर हालचाल खाते. एकूण हालचालीचा दहावा हिस्सा गेला, तोही एका छोट्या बुडबुड्यापायी. या क्लचमध्ये उधळायला हालचाल शिल्लकच नसते हे इथेच कळतं.

दोष शोधणं

पहिली चाचणी रिव्हर्सची. इंजिन आयडलवर ठेवायचं, क्लच पूर्ण दाबायचा, तीन-चार सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. पहिल्या गिअरवरून मात्र निष्कर्ष काढू नका, कारण १९६७ पर्यंतच्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारा भाग) नव्हताच, तिथे घाई केली तर चांगल्या क्लचवरही आवाज येणार.

मग एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने, गाडी स्टँडवर नीट ठेवलेली असेल तरच, खाली जाऊन स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते पट्टीने मोजायचं. हे एक माप अख्ख्या प्रश्नाचे दोन तुकडे करतं. रॉड अर्धा इंच सरकतोय आणि तरी गिअर करकरतोय, तर हायड्रॉलिक्सला दोष देऊ नका. तेव्हा संशय बराच वेळ उभ्या गाडीत फ्लायव्हीलला गंजून चिकटलेल्या क्लच प्लेटवर, वाकलेल्या प्लेटवर, किंवा क्रँकच्या टोकाच्या स्पिगॉट बुशवर (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक यात फिरतं) घ्यायचा, बुश सुकून धरला की गिअरबॉक्सची शाफ्ट इंजिनबरोबर ओढली जाते. क्लच दाबताना पुढची क्रँक पुली आतबाहेर होताना दिसली तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत, आणि तो प्रकार क्लचपेक्षा कितीतरी महागात जातो. हे मोजमाप आधी करा असं इतकं जीव तोडून सांगायचं कारण म्हणजे एमजीबीत क्लच प्लेटपर्यंत पोचायला इंजिन बाहेर काढावं लागतं, गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही.

रॉड कमी सरकत असेल तर वरून खाली यायचं. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पेडल आणि मास्टरच्या रॉडला जोडणारी पिन. वर्षानुवर्षांच्या घासणीने पिनला खाच पडते, पेडलचं भोक लांबट होतं, पेडलचा सुरुवातीचा प्रवास नुसता ढिलाई भरून काढण्यात जातो आणि बाहेरून हुबेहूब हवा अडकल्यासारखं वाटतं. पिन स्वस्त, लांबट झालेलं भोक मात्र भरून पुन्हा पाडून घ्यावं लागतं. हेच झिजणं स्लेव्हच्या टोकाला असेल तर तितकं बिघडत नाही, कारण स्लेव्हच्या आतली स्प्रिंग पिस्टनला कायम रॉडकडे ढकलून ठेवते आणि तिथली ढिलाई आपोआप भरली जाते. म्हणून या स्लेव्हला अ‍ॅडजस्टमेंट नाही, आणि फोर्कची पिन बदलून गिअर सुधारण्याची आशा ठेवण्यात अर्थ नाही.

पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं, पण मास्टरवरच्या टाकीतली ऑइलची पातळी तशीच राहते, तर मास्टरचं आतलं सील ऑइल मागे सोडतंय. पातळी उतरत असेल तर गळती बाहेर आहे: स्लेव्हचा रबरी बूट मागे सारून बघा, आत ओलं सापडलं तर सील गेलं. मास्टर मागून गळत असेल तर ऑइल पेडलवरून पायाशी उतरतं आणि वाटेतला रंग सोलवटून टाकतं. दोन-तीनदा पंप केल्यावर क्लच नीट सुटला तर हवेची शक्यता जास्त. उलटा प्रकारही असतो, पेडल सोडल्यावर क्लच पूर्ण बसत नाही आणि घसरतो, तेव्हा एकतर होज आतून फुगून बंद झालेला असतो नाहीतर मास्टरमधलं ऑइल टाकीत परतायचं बारीक भोक अडलेलं असतं. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय इथे फार वाईट, कारण रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे, गोळ्यांचं नाही, ते सतत घासून संपतं आणि मग परत इंजिन काढा.

सिलिंडर उघडलाच तर बोअरवर बोट फिरवून बघा. गंजाचे खड्डे किंवा ओरखडे असतील तर नुसतं सीलचं किट घालून भागत नाही, नवं सील थोड्याच दिवसांत खराब होतं, नवा सिलिंडर घेतलेला बरा.

हवा काढणं

नेहमीची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: टाकी भरलेली ठेवायची, स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं, एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने निपल सोडायचं, पेडल तळाला असतानाच निपल बंद आणि मग पाय वर. अडचण अशी की मास्टर छोटा, एका दाबात जेमतेम १० सीसीच्या आसपास ऑइल पुढे जातं, आणि तेवढ्यात पाइपातली हवा खाली ढकलली जाते न जाते तोच पाय उचलल्यावर पुन्हा वर तरंगते. हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लावला तर निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाते, बुडबुडे थांबतच नाहीत आणि माणूस उगाच हैराण होतो.

म्हणून उलटं ब्लीडिंग या गाडीला जास्त मानवतं. हवा वर जायला बघते तर तिला वरच जाऊ द्यायचं: स्वच्छ मोठ्या सिरिंजने निपलमधून नवं ऑइल हळूहळू आत ढकलायचं, म्हणजे सगळी हवा मास्टरच्या टाकीतून निघते. टाकी आधी निम्मी रिकामी करून ठेवा आणि भोवती कापड लावा, वरून सांडलं तर रंग गेलाच, लगेच पाण्याने धुवा. सिरिंज नसेल तर पुढच्या चाकाच्या कॅलिपरचं (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचं) निपल नळीने स्लेव्हच्या निपलला जोडून, दोन्ही सोडून ब्रेकचं पेडल सावकाश दाबायचं, म्हणजे ब्रेकचं ऑइल क्लचमध्ये खालून चढतं. प्रत्येक वेळी पेडल सोडण्याआधी कॅलिपरचं निपल बंद झालंच पाहिजे आणि ब्रेकची टाकी भरलेली राहिली पाहिजे, नाहीतर क्लचच्या नादात ब्रेकमध्ये हवा जाईल.

तरीही मऊपणा राहिला तर स्लेव्हचे बोल्ट काढून तो निपल सगळ्यात वर येईल असा धरायचा आणि रॉड हाताने पूर्ण आत दाबायचा, कोपऱ्यात बसलेली हवा ऑइलबरोबर वर जाते. यावेळी पेडलला कोणी हात-पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर उडतो. रात्रभर पेडल लाकडाच्या दांडीने दाबून ठेवायचा उपायही चालतो, पण उरल्यासुरल्या बारीक बुडबुड्यांपुरताच.

ऑइल डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) वापरावं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि पाण्याने बोअर आतून गंजतो, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालली असो वा नसो. डॉट ५ सिलिकॉनचं, ते रंग खात नाही, पण डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही आणि ओतताना जोरात हलवायचं नाही, बारीक बुडबुडे धरून ठेवतं. डॉट ५.१ नावाने जवळचं असलं तरी ते डॉट ४ च्याच जातीचं आहे. इंजिन ऑइलचा थेंबही या सिस्टीममध्ये जाता कामा नये, सगळी रबरं फुगतात. काम झाल्यावर रॉडची हालचाल पुन्हा पट्टीने मोजा आणि आधीच्या मापाशेजारी लिहून ठेवा, पुढच्या वेळी दोष कुठून सुरू झाला ते त्यावरून पटकन कळतं.