समोरच्याच्या हातातली पानं: एका हिशेबाची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत दिवाळीच्या रात्री तीन पत्तीचा डाव बसतो, तेव्हा समोरच्याची पानं ओळखायला त्याच्या चालीखेरीज काहीच हाती नसतं. ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, किती वेळ राहिला, पानं बघताच चाल वाढवली की नाही, एवढंच. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 संच होतात आणि त्यांतल्या 16,440 संचांत जोडी, कलर, सिक्वेन्स काहीही नसतं. जुने खेळणारे हा आकडा पाठ नसतानाही त्याच्याच धोरणाने खेळतात. पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात दोन पानं हातात आणि पाच टेबलावर उघडी. नो-लिमिट असेल तर आपल्यापुढचे सगळे पैसे केव्हाही लावता येतात. उघडं पडणारं प्रत्येक पान समोरच्याच्या काही शक्यता पुसून टाकतं, म्हणून इथे गणिताला खूपच जास्त वाव मिळतो.

जुगार आणि मोजणी यांची सांगड आपल्याकडे फार जुनी आहे. वनपर्वातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडावर पानं-फळं किती ते सांगतो, नल मोजून खात्री करून घेतो आणि मग त्याच्याकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, शिकतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) सहा रसांची मिश्रणं मोजायला लावली आहेत: दोन-दोन रस घेतले तर 15. तीच रीत 52 पानांना लावली की दोन पानांचे 1,326 हात निघतात.

मोजलेल्या शक्यता नव्या माहितीवरून कशा बदलायच्या, ते इंग्लिश गणिती थॉमस बेझच्या 1763 साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापल्या गेलेल्या निबंधातून पुढे आलं. समजा, समोरचा फक्त एक्क्यांची जोडी, राजांची जोडी किंवा एक्का-राजा यांवरच मोठी रक्कम लावतो. एक्क्यांची जोडी 6 प्रकारे येते, राजांची 6, एक्का-राजा 16. म्हणजे 28 पैकी 16 वेळा त्याच्याकडे जोडी नाहीच. आता तुमच्याच हातात एक एक्का असेल तर हे आकडे 3, 6 आणि 12 होतात. एक्क्यांच्या जोडीचे प्रकार एकदम निम्म्यावर येतात, तेही त्याच्या चेहऱ्याकडे न बघता. ‘त्याच्याकडे काय आहे’ हा प्रश्न सोडून ‘त्याच्याकडे काय काय असू शकतं’ हा प्रश्न धरणं, हेच या विद्येचं मर्म.

पण समोरचाही खोटं बोलणार, त्याचं काय? फ्रान्सच्या एमिल बोरेलने 1920-30 च्या दशकांत पोकरचं छोटं प्रारूप मांडून या प्रश्नाला हात घातला. जॉन फॉन नॉयमनने 1928 मध्ये अशा खेळांचा मूळ सिद्धांत दिला आणि 1944 साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विवेचन केलं. मला विचाराल तर या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. फॉन नॉयमनच्या प्रारूपात दोघांना पानांऐवजी 0 ते 1 मधली एकेक संख्या मिळते, मोठी ती सरस. उत्तर असं निघतं की पैसे लावावेत ते सर्वोत्तम हातांवर आणि अगदी टाकाऊ हातांवर. मधल्या हातांनी गप्प बसावं. ब्लफ, म्हणजे टाकाऊ हातावरही पैसे लावणं, हा तोवर स्वभावाचा, धाडसाचा भाग समजला जाई. तो किती वेळा करायचा हे आता समीकरणातून निघू लागलं. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैशांत, 100 असताना समोरच्याने शेवटच्या फेरीत 100 लावले, तर तुम्ही 100 घालून 200 जिंकू पाहता. तीनांत एकदा बरोबर ठरलात तरी तोटा नाही. म्हणून त्यानेही दर दोन खऱ्या हातांमागे एकच ब्लफ ठेवायचा. रक्कम बदलली की प्रमाण बदलतं आणि नो-लिमिटमध्ये रक्कम कितीही असू शकते. सगळी अवघड गुंतागुंत तिथेच.

2003 साली ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेल्या ख्रिस मनीमेकरने पोकरची वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर हा खेळ जगभर पसरला. आपल्याकडे तो बऱ्याच जणांच्या मोबाइलवर पोचला. 2025 च्या केंद्रीय कायद्याने मात्र पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्याच्यासुद्धा, बंदी आणली.

गुंतागुंतीवर मात केली ती संगणकाने. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला ‘लिब्राटस’ या संगणक प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना 1,20,000 डावांत हरवलं. 2019 मध्ये त्याच संशोधकांचा, नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांचा, ‘प्लुरिबस’ सहा जणांच्या टेबलावर जिंकला. प्रत्यक्षात हातात कोणतीही पानं असोत, तो आधी आपल्याकडे येऊ शकणाऱ्या प्रत्येक हातावर काय केलं असतं ते काढतो आणि मगच चाल करतो, म्हणजे समोरच्याला त्याच्या चालीवरून पानं ओळखता येत नाहीत.