नॅलोक्सोन

नॅलोक्सोन : मॉर्फीन, हेरॉईन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल इ. अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने मंदावलेला श्वास पूर्ववत करणारा उतारा. मेंदूतील ज्या ग्राहींवर (पेशींवरील ज्या जागांवर) ही द्रव्ये बसतात, तेथून तो त्यांना हुसकावतो. स्वतः नशा आणत नाही. शिरेतून दिल्यास एक-दोन मिनिटांत गुण दिसतो.

अफूच्या उताऱ्याचा माग 1915 च्या सुमारास यूलियस पोल याने कोडीनपासून बनविलेल्या एका संयुगापर्यंत नेता येतो. 1940 च्या दशकातील नॅलॉर्फिन उपयोगी ठरले, पण ते स्वतःच काही अंशी श्वास दाबत असे व रुग्णाला भास होत. नॅलोक्सोनच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. जॅक फिशमन व मोझेस लेवेनस्टीन यांनी न्यूयॉर्कमध्ये 1961 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. जपानच्या सांक्यो कंपनीचा दावाही त्याच सुमाराचा. बहुतेक संदर्भग्रंथ श्रेय पहिल्या दोघांना देतात. हॅरल्ड ब्लूमबर्ग याच्या प्राण्यांवरील चाचण्यांचा वाटा मात्र त्यांत अनेकदा गाळला जातो, हे योग्य नाही. अमेरिकेत औषधाला 1971 मध्ये मान्यता मिळाली.

निदान तीन खुणांवर होते : ग्लानी, मंद श्वास आणि टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या. कोल्हापूरसारख्या ऊसपट्ट्यात तिसरी खूण चकवा देते. शेतातले औषध प्यायलेला रुग्ण अपघात विभागात येतो, तेव्हा त्याच्याही बाहुल्या अशाच बारीक असतात. फरक अंगावर दिसतो. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेत तोंडातून लाळ-फेस, दरदरून घाम, डोळ्यांत पाणी, कपड्यांना उग्र वास, स्नायूंची थरथर; अफूवर्गीय विषबाधेत हा पाझर नसतो आणि आतड्यांची हालचाल मंदावलेली असते. पहिल्यात ॲट्रोपिन, दुसऱ्यात नॅलोक्सोन. मेंदूच्या पॉन्स भागातील रक्तस्रावातही बाहुल्या बारीक होतात.

उताऱ्याआधी श्वास : मास्क व अँबू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) प्राणवायू देणे हे पहिले काम. नंतर 0.4 मिग्रॅ.ची एक मिली.ची कुपी सलाईनमध्ये दहा मिली. करून थोडीथोडी देतात, प्रत्येक मिली.त 0.04 मिग्रॅ. पडते. रुग्णाला खडबडून जागे करणे हा हेतू नव्हे; तो पुरेसा श्वास घेऊ लागला की थांबावे. सवय जडलेल्याला एकदम मोठी मात्रा दिली, तर उलट्या, घाम, आकांत सुरू होतो. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फीन घेणाऱ्याच्या दबलेल्या वेदना एकाएकी उसळतात. त्याच्याशी असे वागणे क्रूर आहे. ब्युप्रेनॉर्फिन हे अफूवर्गीय द्रव्य ग्राहींना घट्ट धरते, म्हणून तेथे मात्रा जास्त लागते. ट्रॅमाडॉलने येणारे झटके या उताऱ्याने थांबतीलच असे नाही.

परिणाम साधारणतः 30 ते 90 मिनिटे टिकतो; मेथाडोन हे अफूवर्गीय औषध किंवा संथपणे विरघळणाऱ्या मॉर्फीन गोळ्यांचा अंमल त्याहून पुष्कळ लांबतो. शुद्धीवर आलेला माणूस काही वेळाने पुन्हा घोरू लागतो, ओठ निळसर पडतात. ‘बोलाय लागलाय न्हवं, घरी न्हेतो’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना या वेळी थांबवावे लागते. चंदगड तालुक्यातून कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयात पोहोचायला दोन तासांहून अधिक लागतात. तिकडे दिलेली मात्रा वाटेतच ओसरू शकते. म्हणून अशा रुग्णासोबत अँबू बॅग, जादा कुप्या आणि श्वास मोजणारे माणूस असावे, अथवा शिरेतून नॅलोक्सोनची संथ धार चालू ठेवावी.

नाकात फवारायचे रूप अमेरिकेत 2015 पासून आहे. 2023 मध्ये तेथे ते चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली. व्यसनमुक्ती उपचारांत जिभेखाली ठेवण्याच्या ब्युप्रेनॉर्फिन गोळीतही नॅलोक्सोन मिसळतात. गोळी विरघळवून टोचून घेऊ नये, हा त्यामागील हेतू.