पोपडे, लोणा आणि पुराची रेघ

रविवारी सकाळी सातच्या सुमारास जुन्या नाशकात तिवंध्याकडून भद्रकालीकडे चालत गेलं, की हल्ली दोन-तीन जण तरी एखाद्या भिंतीपाशी उकिडवे बसलेले दिसतात. कुणाच्या हातात मोबाइल, कुणाच्या गळ्यात कॅमेरा. समोर देऊळ नसतं, घाटही नसतो. असते एखादी गंजलेली कडी, पोपडे सुटलेला निळा गिलावा, वाळवीने पोखरलेली चौकट. हे खूळ इन्स्टाग्रामने आणलं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ही नजर जवळजवळ कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे, आणि नाशिकला तिची निकड फार आहे.

कॅमेऱ्याची भिंतीशी दोस्ती आधी नाइलाजाने झाली. सुरुवातीचे कागद आणि काचा प्रकाशाला इतक्या मंद होत्या, की एका चित्रासाठी भिंग कित्येक सेकंद, कधी मिनिटंही उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात माणूस हले, बैल मान झटके, पाण्याचं धुकं होई. भिंत तेवढी जागची हलत नसे. इंग्लंडमध्ये विल्यम टॅल्बट यांनी १८४४ मध्ये अर्धवट उघड्या दाराला टेकवलेला खराटा टिपला. दाराच्या झिजलेल्या दगडांवर पडलेली खराट्याची तिरकी सावली, एवढाच त्या चित्राचा विषय.

पुढे शहरं पाडली जाऊ लागली, तसं या कामाला वेगळंच वजन आलं. पॅरिसमध्ये रुंद रस्त्यांसाठी जुन्या गल्ल्या जात होत्या, त्या शार्ल मार्विल यांनी नगरपालिकेसाठी टिपून ठेवल्या. ग्लासगोत टॉमस अ‍ॅनन यांनी १८६८ ते १८७१ या काळात पाडायच्या वस्त्यांमधले अंधारे बोळ टिपले. लंडनमध्ये एक जुनी सराय पडणार म्हणून काही मंडळी एकत्र आली आणि १८७५ मध्ये जुन्या लंडनचे अवशेष टिपणारी संस्थाच उभी राहिली. त्यानंतर पॅरिसमध्येच यूजीन आत्जे जवळजवळ तीस वर्षं जड कॅमेरा खांद्यावर टाकून पहाटे फिरले. दाराच्या कड्या, जिन्यांचे कठडे, दुकानांच्या पाट्या, असं सगळं त्यांनी जमवलं. चित्रकारांना संदर्भ म्हणून ते फोटो विकून त्यांचं पोट चाले.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले जाणते छायाचित्रकार. कंपनी सरकारने १८५५ मध्ये कॅप्टन बिग्ज यांना विजापूर-धारवाडकडच्या वास्तू टिपायचं काम दिलं. पण सरकारी कॅमेरा लेण्या, मशिदी आणि मंदिरांपाशीच थांबला. पांडवलेणी त्याला दिसली. तांबट आळीतली ओसरी हा त्याच्या लेखी नोंदीचा विषयच नव्हता. वाड्यांची जी काही चित्रं उरली, ती घरच्या लग्नामुंजींच्या फोटोंत: पुढे मांडी घालून बसलेली मंडळी, मागे चुकून आलेला सुरूच्या झाडाच्या आकाराचा खांब, महिरप आणि कोनाडा. जुन्या नाशिकचा खरा दफ्तरखाना माझ्या मते या कौटुंबिक अल्बमांमध्येच आहे.

नाशिकचा एक धागा मात्र थेट जुळतो. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रकार होते. काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरीही केली. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ महिनाभर रोज थोडी थोडी टिपून पडद्यावर आणली. एकच जागा आणि एकच चौकट धरून दिवसामागून दिवस टिपत राहायचं, हीच युक्ती झिजत्या भिंतीलाही लागू पडते. वेलाची वाढ दिसते, तशी भिंतीची झीजही दिसू शकते.

आता त्या भिंतींकडे येऊ. ‘नाशिक नव टेकांवर (टेकड्यांवर) वसविले’ ही म्हण इथे सगळ्यांना पाठ असते. जुनी गढी, डिंगर आळी, चित्रघंटा ही त्या टेकांतलीच नावं. जुन्या गढीवर, म्हणजे मातीच्या गढीवर, १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा थरांखाली ताम्रपाषाणयुगापर्यंतच्या वस्तीच्या खुणा निघाल्या. त्या टेकांवर पेशवाईत आणि नंतर वाडे उठले. खाली काळ्या दगडाचं जोतं, तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) सागवानी खांब, वर तुळया आणि कडीपाट म्हणजे लाकडी छत, मध्ये विटामातीच्या भिंती आणि चुन्याचा गिलावा. रंग म्हणजे नीळ घातलेला चुना किंवा तांबूस हिरमुजी. नंतर डिस्टेंपर आला, मग ऑइलपेंट. आज पोपड्यात निळा, हिरवा, पिवळा असे थर एकावर एक दिसतात ते याच क्रमाने. खालून वर मोजत गेलं तर घरातल्या तीन-चार पिढ्या हाताला लागतात.

वाड्यांची आबाळ कशी झाली, हे नीट सांगायला हवं, कारण फोटो पाहणारा पटकन मालकाच्या आळसाला दोष देऊन मोकळा होतो. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० रोजीचं भाडं आधाराला धरलं. भाडेकरूला संरक्षण मिळालं, तेही गरजेचंच होतं. पण पुढे सागाची एक तुळई बदलायची म्हटली, तर कित्येक वर्षांच्या भाड्यातही ती बसेना. नवा कायदा १९९९चा, अंमल २००० पासून. त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आली, पण ती त्याच जुन्या आकड्यावर. त्यात एका वाड्याला पंधरा-वीस वारस, कुणी पुण्यात, कुणी परदेशात. सातजण सही करतात, आठवा करत नाही. गल्ली इतकी अरुंद, की नवं बांधायचं तर चटई क्षेत्र (बांधकामाला मिळणारी परवानगी) पुरत नाही. महापालिकेने दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा द्यायच्या, आणि दर पावसाळ्यात कुठला तरी वाडा कोसळायचा, हे चालूच आहे. दरम्यान शहर कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडकोकडे सरकत गेलं.

यात पाण्याचा वाटा मोठा आहे. नाशिककर पूर मीटरने मोजत नाहीत. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, डोक्यावरून गेलं. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत पोचलं. सरकारवाड्याच्या पायरीशी आलं, अशी इथली मापं. १९६९चा महापूर, मग २००८, २०१६ आणि २०१९ ही सालं सराफ बाजारातल्या कुठल्याही दुकानात विचारावीत. त्या बाजाराखालून सरस्वती नाला वाहतो. तो आता रस्त्याखाली झाकला गेलाय, तरी गोदावरी चढली की पाणी त्याच वाटेने उलटं आत येतं. पूर ओसरतो, ओल मात्र विटांत राहते. ती विटांतले क्षार घेऊन वर चढते, पृष्ठभागावर वाळते, क्षारांचे खडे फुगतात आणि गिलावा ढकलून देतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. त्यावर सिमेंटचा हात मारला, की ओल आतच कोंडते आणि लोणा आणखी वर सरकतो. कमरेएवढ्या उंचीवरच्या त्या पांढुरक्या रेघेला फोटोत नुसतं छान टेक्श्चर म्हटलेलं पाहिलं, की मला वाईट वाटतं. ती रेघ घरात आलेल्या पाण्याची असू शकते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिचं साल ठाऊक असतं.

म्हणून विचारावं. एकदा मी दारातून म्हटलं, “काकू, चौकटीचा फोटो काढू का?” त्या म्हणाल्या, “काढा की, थांबा, चपला उचलते.” मी म्हटलं, राहू द्या. मग त्यांनीच चौकटीवरची एक खाच दाखवली: १९६९ला पाणी इथवर आलं, सासऱ्यांनी विळ्याने खूण केली. दहा मिनिटं मी त्या चौकटीसमोर उभा होतो, आणि ती खाच मला दिसलीच नव्हती.

तेव्हापासून प्रत्येक भिंतीचे मी दोन फोटो घेतो: एक जवळून, एक गल्लीच्या तोंडाकडून. फाइलच्या नावात गल्ली आणि तारीख लिहितो. उजेड या बोळांत थेट फार थोडा वेळ उतरतो. साधारण अकरा ते बारा, तोही भिंतीला घासून. त्या घासत्या उजेडात खिळ्याचं भोकसुद्धा सावली टाकतं.

घाई करावी लागते. २००३च्या सिंहस्थाआधी गोदापात्रात काँक्रीट ओतलं गेलं, त्याखाली जुनी कुंडं गेली. ती कशी दिसत होती हे सांगायला आज जुने फोटोच शोधावे लागतात. आता २०२७च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत. काकूंच्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर गेल्या पावसाळ्यात लाल रंगाने आकडा लिहिला गेला. दिवाळीत गेलो तेव्हा चौकट जागेवर होती, खाचही होती. तिचा फोटो मी पुन्हा काढला, त्याच उंचीवरून, या वेळी शेजारी मोजपट्टी धरून. खाच उंबऱ्यापासून एक्क्याण्णव सेंटिमीटरवर आहे.