आगीचं वर्तुळ कोण पूर्ण करतं?

दोन साखळ्या, प्रत्येकीच्या टोकाला पेटता बोळा, आणि मध्ये उभा कलाकार. फायर पोईचा हा खेळ गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर पुष्कळांनी पाहिला असेल. आता तो लग्नाच्या संगीतात आणि नववर्षाच्या पार्ट्यांतही दिसतो. जाहिरातीतल्या फोटोत कलाकाराभोवती ज्वाळांची अखंड कडी असते. समोर बसून पाहणाऱ्याला ती तशी दिसत नाही. तरी मला फोटोपेक्षा समोरचा खेळच जास्त सुंदर वाटतो.

थोडा हिशेब करू. साखळी 60 सेंटिमीटरची आणि फेऱ्या सेकंदाला दोन धरल्या, तर बोळा ताशी 27 किलोमीटरच्या वेगाने पळतो. 1765 मध्ये पॅट्रिक दार्सी या गणितज्ञाने पेटता निखारा अंधारात गरगर फिरवून मोजलं होतं, की प्रकाशाची छाप डोळ्यात साधारण 0.13 सेकंद टिकते. तेवढ्या वेळात आपला बोळा जेमतेम पाव वर्तुळ कापतो. म्हणजे डोळ्याला दिसते ती पाव वर्तुळाची शेपटी आणि तिला जोडून ज्वाळेची स्वतःची लांबी. कॅमेऱ्याचं शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं, की पूर्ण कडी उमटते. फोटोचं गुपित एवढंच.

आपल्याकडच्या तत्त्वज्ञांना हा अनुभव फार जुना आहे. एकामागून एक येणारी ज्ञानं एकदम आल्यासारखी का वाटतात, हे सांगताना न्यायसूत्रांत अलातचक्राचा, म्हणजे फिरवलेल्या कोलिताच्या चक्राचा दाखला आहे. कारणही तिथेच दिलंय: वेगवान हालचाल.

खरी गंमत फुलांची. हात एका दिशेने एक फेरी घेत असताना बोळ्याने उलट दिशेने तीन घेतल्या, की चार पाकळ्यांचं फूल तयार होतं. दोघांची दिशा एकच ठेवली तर पाकळ्या दोनच. सेकंदाला दोन फेऱ्यांच्या वेगाने हे फूल पुरं व्हायला दीड सेकंद लागतो, आणि डोळ्यातली छाप तर त्याच्या दहाव्या हिश्शाएवढीही टिकत नाही. उरलेल्या पाकळ्या आपली स्मरणशक्ती धरून ठेवते. म्हणूनच लय चुकली, की फूल लगेच मोडतं.

पण इतक्या वाऱ्यात ज्वाळा विझत का नाही? बोळा रॉकेलमध्ये भिजवलेला असतो. रॉकेलच्या वाफेत ज्वाळा सेकंदाला अर्धा मीटरसुद्धा पुढे सरकत नाही, आणि इथे समोरून हवा येते सेकंदाला साडेसात मीटरने. बोळ्याच्या पुढच्या अंगाला ज्वाळा टिकणं कठीणच. मात्र नदीतल्या दगडामागे पाणी जसं संथ फिरत राहतं, तसा बोळ्याच्या मागे हवेचा भोवरा राहतो. ज्वाळा त्या आडोशाला तग धरते. फिरताना येणारा तो घुमणारा ‘हुऽऽ’ आवाज खवळलेल्या ज्वाळेचा असतो.

बोळा स्वतः जळून का जात नाही, हे मला सगळ्यांत देखणं वाटतं. तो बहुधा केव्हलारच्या पट्टीचा असतो. बुलेटप्रूफ जाकिटातला हा धागा स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 मध्ये शोधला. केव्हलार वितळत नाही, पण 500 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचं विघटन होतं, आणि बाहेरची ज्वाळा तर हजार अंशांच्या वर असते. त्याला वाचवतं ते रॉकेलच. तेल ओलं आहे तोवर आत येणारी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्ची पडते. तेल संपलं, की पट्टी जळायला लागते. म्हणून जाणता कलाकार ज्वाळा आपोआप विझायची वाट पाहत नाही. ती बारीक होऊ लागली, की ओल्या सुती टॉवेलने दाबून विझवतो.

पेटवण्याआधीचा एक मिनिटही बघण्यासारखा असतो. भिजवलेला बोळा निथळवून, न पेटवताच मोकळ्या जागी जोरात फिरवतात. वर दिलेल्या वेगाला त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ दहापट ओढ येते; जादा तेलाचे थेंब सुटून स्पर्शरेषेत सरळ उडतात. हे आधी केलं नाही, तर तेच थेंब पेटलेले होऊन प्रेक्षकांत जातील. 200 ग्रॅमचा बोळा खालून जाताना हाताला दोन किलोंएवढा जाणवतो तोही याच ओढीमुळे.

पोई मुळात न्यूझीलंडच्या माओरी लोकांची. पाणकणसाच्या पानांचे ते हलके गोळे गाण्याच्या ठेक्यावर नाचवत, आणि त्यांत आग नव्हती. पॅसिफिकमधल्या नाचात आग आली ती सामोआच्या फ्रेडी लेतुली यांच्यामुळे: 1946 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी आपल्या सुऱ्याला टॉवेल गुंडाळून पेटवला. इंधन एका हिंदू अग्निभक्षकाकडून घेतलं होतं, असं ते सांगत. आपल्या मर्दानी खेळातली बनाटी, म्हणजे दोन्ही टोकं पेटवून फिरवायची काठी, मात्र स्वतंत्र परंपरेतली आहे.

कार्यक्रम ठरवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. पोईवाल्याकडे ‘तोंडातून आग काढा’ असा हट्ट धरू नका. त्या खेळात तोंडात धरलेल्या तेलाचा अंश श्वासावाटे आत गेला, तर फुप्फुसाला गंभीर सूज येते. वैद्यकशास्त्रात या आजाराला अग्निभक्षकांच्याच नावाने ओळखतात. पोई फिरवणाऱ्याला कपडे नायलॉनचे घालायला लावू नका, सुतीच असू द्या. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. आणि पेट्रोल वापरणाऱ्याला सरळ नकार द्या. रॉकेलची वाफ पेट घ्यायला निदान 38 अंशांची ऊब लागते, पेट्रोलला शून्याखाली 40 अंशही पुरतात.