पॅलिओ आहार

शेतीचा शोध लागण्याआधी माणूस शिकार करून, मासे मारून आणि फळे-कंदमुळे गोळा करून जे खात असे, त्याच्या शक्य तितके जवळ जाणारे अन्न आजच्या रोजच्या जेवणात घेण्याची पद्धत म्हणजे पॅलिओ आहार. हे नाव ज्यावरून आले ते पुराश्मयुग (पॅलिओलिथिक) सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी सुरू झाले आणि साधारण १२,००० वर्षांपूर्वी संपले. माणसाचे शरीर त्या काळात घडले; धान्य, दूध आणि साखर यांची सवय व्हायला त्याला पुरेसा वेळ मिळालेला नाही, असे या आहाराचे पुरस्कर्ते मानतात. हा युक्तिवाद पुराव्याच्या कसोटीवर निम्माच टिकतो. पण म्हणून आहार टाकाऊ ठरत नाही. तो महिनोन्‌महिने, घरच्यांबरोबर एका स्वयंपाकात निभावता येतो का, यावर त्याचा खरा उपयोग ठरतो.

अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञ वॉल्टर व्होग्टलिन यांनी १९७५ मध्ये अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिले. विषयाला वैद्यकीय वजन आले ते १९८५ मध्ये, एमरी विद्यापीठातील बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला तेव्हा. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील लोरेन कॉर्डेन यांच्या २००२ च्या पुस्तकाने ‘पॅलिओ’ हे नाव घरोघरी नेले.

ईटन-कॉनर यांच्या लेखाआधी आणि त्याच्याशी संबंध नसताना ऑस्ट्रेलियात एक विलक्षण प्रयोग झाला होता. १९८२ मध्ये केरिन ओडी या संशोधक वायव्येकडील किंबर्ली भागातील मधुमेह असलेल्या दहा आदिवासी प्रौढांबरोबर त्यांच्या मूळ मुलखात गेल्या. शहरी अन्न सोडून ही माणसे सात आठवडे पूर्वजांसारखी जगली. कांगारू, मासे, कासव, रानकंद, मध हे जेवण. आणि ते मिळवण्यासाठी चालणे, खणणे, शिकार करणे. सात आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी आठ किलोंनी उतरले आणि रक्तातील साखर लक्षणीय सुधारली. त्यांच्या पोटात दिवसाला जेमतेम १,२०० उष्मांक जात होते, हे इथे विसरून चालत नाही. गुण अन्नाचा किती, कमी खाण्याचा किती आणि अंगमेहनतीचा किती, याची वाटणी करता येत नाही. पॅलिओला नुसते पथ्य न मानता जीवनशैली का मानावे, याचे उत्तर मात्र याच प्रयोगात सापडते.

कॉर्डेन यांच्या नियमांनुसार मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, सुकामेवा आणि बिया चालतात. धान्ये, कडधान्ये व डाळी, दूधदुभते, साखर, मीठ, बटाटा आणि कारखान्यात शुद्ध केलेली तेले वर्ज्य. शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला, म्हणून तोही बाद. बटाटा आणि तूप यांबाबत पुढच्या लेखकांत मतभेद आहेत. अनेकांनी ते आत घेतले आहेत.

पुरातत्त्वाची साक्ष या यादीच्या बाजूने पूर्णपणे जात नाही. इटली, रशिया आणि चेक प्रजासत्ताकात सापडलेल्या सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या दगडांवर दळलेल्या वनस्पतींचे पिष्टकण मिळाले आहेत. जॉर्डनमधील एका चुलीत सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे सापडले, म्हणजे तिथे शेती सुरू होण्याच्या बऱ्याच आधीचे. शरीरही थांबून राहिलेले नाही: मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता गेल्या दहा हजार वर्षांतच काही लोकसमूहांत पसरली. शिवाय आपण पॅलिओ म्हणून खातो त्या कोबी, फ्लॉवर आणि ब्रोकोली या तिन्ही भाज्या शेतकऱ्यांनी एकाच रानटी वनस्पतीपासून निवडून-निवडून तयार केल्या आहेत. अश्मयुगाचे ताट जसेच्या तसे आज कुणालाच वाढता येणार नाही.

आरोग्याच्या चाचण्या त्या मानाने आशादायक आहेत, पण लहान आहेत. स्वीडनमध्ये स्टाफान लिंडेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हृदयविकार आणि रक्तशर्करेची तक्रार असलेल्या २९ रुग्णांवर बारा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. ग्लुकोज पाजल्यानंतर रक्तात चढणारी साखर पॅलिओ गटात २६ टक्क्यांनी उतरली, तर भूमध्यसागरी धर्तीच्या आहाराच्या गटात ७ टक्क्यांनी. याच लिंडेबर्ग यांनी त्याआधी पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावर काम केले होते. तिथले लोक रताळी, सुरणासारखे कंद, फळे, मासे आणि नारळ खातात. पक्षाघात आणि हृदयविकार तिथे जवळपास आढळले नाहीत. त्यांच्या आहारात पिष्टमय पदार्थ भरपूर, म्हणजे पॅलिओ म्हणजे सारे पिष्ट तोडणे, हा समज किटावाने खोटा पाडला आहे.

रोज निभावण्याच्या प्रश्नावर सर्वांत बोलकी चाचणी २०१४ मध्ये स्वीडनमधील उमेओ येथून प्रसिद्ध झाली. रजोनिवृत्तीनंतरच्या, वजन जास्त असलेल्या ७० स्त्रिया, दोन गट, दोन वर्षे. सहा महिन्यांनी पॅलिओ गटाची चरबी अधिक घटली होती. दोन वर्षांनी हा फरक उरला नाही. ठरवून दिलेले प्रथिनांचे प्रमाण या स्त्रियांना गाठता आले नव्हते. आहारतज्ज्ञांची साथ असूनही असे होते, तर घरी एकट्याने कडक नियम पाळणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. कॉर्डेन यांनाही हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी सुरुवात करणाऱ्याला आठवड्यात तीन जेवणे मोकळी दिली, आणि पुढे ती दोन आणि एकवर आणायला सांगितले. लग्नाची पंगत, सणाचे जेवण आणि मित्रांबरोबरचे बाहेरचे खाणे या मोकळ्या जेवणांत बसते, आणि पथ्य मोडल्याची खंत राहत नाही.

व्यवहारात पहिला आणि मोठा फायदा होतो तो साखर, बिस्किटे, फरसाण, मैदा आणि पाकीटबंद खाणे सुटल्याने. भाकरी आणि वरण यांचा नंबर फार नंतर लागतो. पिष्ट एकदम तोडले तर पहिले काही दिवस डोके दुखते, थकवा येतो. सुरण, रताळे, केळी ताटात ठेवली की हा त्रास बराच कमी होतो. घरात वेगळा स्वयंपाक करण्याचा घाट घातला की रांधणारी व्यक्ती महिनाभरात वैतागते. सगळ्यांसाठी एकच रस्सा, एकच भाजी करावी. पॅलिओ पाळणाऱ्याने भाकरी-भात न घेता भाजी दुप्पट वाढून घ्यावी. आठवड्याची अंडी उकडून ठेवली, सुरण चिरून ठेवला, की संध्याकाळी भुकेच्या वेळी हात डब्यातल्या चिवड्याकडे जात नाही. मराठी माणसाला सर्वांत जड जातो तो दुधाचा चहा. बरेचजण कोऱ्या चहावर येतात, काही तेवढी एक सवलत कायम ठेवतात. दोन्ही चालते.

कोकण आणि गोव्यात हा आहार फारसा उपरा वाटत नाही. बांगडा, तारली, मांदेली, नारळ, आमसूल, फणस हे सगळे नियमात बसते; साखर न घातलेली सोलकढीही. कोल्हापुरी तांबडा आणि पांढरा रस्सा भाकरीविना प्यायला तर फार थोडी तडजोड उरते. खरी अडचण शाकाहाऱ्यांची. डाळ, दूध आणि शेंगदाणा तिन्ही गेले की प्रथिनांचे स्रोत जवळपास संपतात, आणि जैन घरांत कंदही वर्ज्य. अशा वेळी कडक पॅलिओ करूच नये. तामिळनाडूत रुजलेल्या प्रकारात शाकाहाऱ्यांसाठी पनीर, तूप आणि बदाम आत घेतले आहेत. मूळ नियमाला ते सोडून असले तरी शहाणपणाचे आहे.

भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला महाराष्ट्रात बैलाच्या कष्टाचे न खाण्याची रीत आहे. त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीत अळू, सुरण, रताळे, लाल भोपळा, दोडका, पडवळ, अंबाडी एकत्र शिजतात. काही ठिकाणी न पेरता उगवलेले देवभातही खातात. ही रीत व्रताची, आरोग्याची नव्हे. पण नांगराशिवाय मिळणाऱ्या अन्नाने भरलेले ताट कसे दिसते आणि पोट कसे भरते, हे एका दिवसात अनुभवायचे असेल तर यापेक्षा सोपा मार्ग नाही.

दूध बंद केल्यावर कॅल्शियमची सोय पाहावी लागते. काट्यासकट खाल्ले जाणारे लहान मासे, तीळ आणि पालेभाज्या ही त्याची साधने. मीठ पूर्ण सोडू नये. उमेओच्या त्याच चाचणीत पॅलिओ गटाचे आयोडीन घटलेले आढळले, आणि आपल्याकडे आयोडीन मुख्यतः मिठातूनच मिळते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मांसाचे प्रमाण वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना धान्य एकाएकी कमी केले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून औषधाची मात्रा आधी ठरवून घ्यावी आणि मगच ताट बदलावे.